अरण्य, इंदूर : पस्तीस चौरस मीटरच्या घरांभोवती उभी राहिलेली मिश्र वसाहत

गरीब ते श्रीमंत अशा सगळ्या उत्पन्नगटांसाठी आखलेल्या, इंदूरच्या अरण्य वसाहतीतला एक गुणाकार आधी करून पाहू, कारण बाकीचं बरंचसं त्यातूनच उलगडतं. एकूण जमीन सुमारे ८५ हेक्टर, भूखंड सुमारे ६,५००. त्यांतले ६५ टक्के सगळ्यात कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी, आणि त्या प्रत्येक भूखंडाचं क्षेत्रफळ सुमारे ३५ चौरस मीटर. ४,२२५ गुणिले ३५ म्हणजे १,४७,८७५ चौरस मीटर, अर्थात पावणेपंधरा हेक्टर. वसाहतीतल्या जवळजवळ दोन तृतीयांश कुटुंबांना घरापुरती जी जमीन लागली, ती एकूण जमिनीच्या जेमतेम १७ टक्के भरते. इथले सर्वांत मोठे भूखंड पावणेपाचशे चौरस मीटरच्या आसपास आहेत. असा एक भूखंड आखला की तेवढ्यात तेरा गरीब घरं बसतात.

‘शहरात गरिबांसाठी जमीनच उरली नाही’ असं कुणी म्हणालं की हा हिशेब समोर ठेवावा. जमीन खाणारे खरे घटक असतात मोठे भूखंड आणि रस्ते.

आखणीच्या आधी

१९८३ मध्ये इंदूर विकास प्राधिकरणाने हे काम वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी आणि त्यांच्या अहमदाबादच्या वास्तुशिल्प फाउंडेशनकडे दिलं. दोशी मूळचे पुण्याचे. १९२७ साली तिथे एकत्र कुटुंबात जन्मले, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले. योजना होती भूखंड आणि सुविधा या प्रकारची, जागतिक बँकेच्या पैशांवर त्या काळी देशात जशा चालत होत्या तशी. सरकारने जमीन, रस्ते, पाणी, गटार द्यायचं आणि घर कुटुंबाने बांधायचं.

या कामाबरोबर एक अभ्यास झाला. फाउंडेशन आणि कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या गटाने इंदूरच्या झोपडपट्ट्यांत जाऊन घरासमोरची जागा मोजली. ओटा किती रुंद, पायरीवर काय ठेवलेलं, हातगाडी कुठे उभी, झाडाखाली कोण बसतं, गल्ली कुठे फुगते आणि कुठे आवळते. हे मोजमाप सरकारी निकषांच्या तक्त्यात सापडत नाही. तिथे खोलीचं किमान क्षेत्रफळ असतं. ओट्याचं क्षेत्रफळ लिहायला रकानाच नसतो, आणि पस्तीस चौरस मीटरच्या घरातला अर्धा संसार तर ओट्यावर चालतो: भांडी, शिवणयंत्र, पापडाची खाट, म्हाताऱ्या माणसाची दुपारची झोप.

वसाहत सहा विभागांत पाडली. मधोमध दुकानं आणि कचेऱ्यांचा कणा. त्याच्या पूर्वेला आणि पश्चिमेला विभाग, प्रत्येकात सात ते बारा हजार लोक धरलेले. प्रत्येक विभागाला तिरपी छेदून जाणारी बागेची पट्टी. दहा घरांचा एक गट, प्रत्येक घरामागे लहान अंगण आणि गटाचं तोंड गल्लीकडे. आतल्या गल्ल्या आणि चौक फरसबंद.

कुणाला काय दिलं

उच्च, मध्यम आणि बहुतेक अल्प उत्पन्न गटांना फक्त भूखंड विकला. अगदी गरिबांना भूखंडाखेरीज तीन गोष्टी मिळू शकत होत्या: काँक्रीटचं जोतं, संडास-मोरीचा गाभा आणि एक खोली. सुरुवातीची रक्कम कुटुंबाच्या सरासरी उत्पन्नावर ठरवली, उरलेलं कर्ज महिन्याच्या हप्त्यांनी. बांधकाम कशाचं करायचं यावर बंधन नव्हतं. वीट, दगड, काँक्रीट, ज्याला जे परवडेल ते. दोशींनी ८० नमुना घरं उभी केली, एका खोलीपासून बऱ्यापैकी प्रशस्त घरापर्यंत, म्हणजे पुढे काय काय होऊ शकतं ते डोळ्यांनी दिसावं.

सरकारी पैसा नेमक्या याच तीन गोष्टींवर खर्च करणं किती शहाणपणाचं होतं ते सविस्तर पाहायला हवं.

जोतं का? माळव्याची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. उथळ पायावर बांधलेली भिंत दोन-तीन वर्षांत कोपऱ्यातून तिरकी फाटते. वर पत्रा असेपर्यंत ते चालून जातं, स्लॅब चढवला की जिवावर बेततं. पाया किती खोल न्यायचा, मुरूम किती भरायचा, हे रोजंदारीवरचं कुटुंब एकट्याने नीट करू शकत नाही. त्यात चूक झाली तर नंतर दुरुस्तीही होत नाही. भिंत, गिलावा, फरशी, खिडकी या गोष्टी मात्र बोनस मिळाल्यावर, बिशी फुटल्यावर, गावाकडची जमीन विकल्यावर टप्प्याटप्प्याने होतात. म्हणून पाया सामूहिक, भिंत घरची.

पाया आखताना दोन मजले गृहीत धरायचे की एक, हाही प्रश्न तेव्हाच सोडवावा लागतो. कागदावर ‘तळमजला’ लिहिला म्हणून लोक तळमजल्यावर थांबत नाहीत. अशा वसाहतींत स्लॅबच्या वर हातभर सळया सोडलेल्या दिसतात, टोकाला गंजलेल्या. काही ठिकाणी पाणी मुरू नये म्हणून त्यांवर प्लास्टिकची बाटली उलटी घातलेली असते. ती सळई म्हणजे घरमालकाने पुढच्या दहा वर्षांसाठी केलेला बेत असतो. तो बेत तुमच्या पायाला झेपणार नसेल तर दोष आखणी करणाऱ्याचा.

गाभा का? पाणी आणि मैला घराच्या आत-बाहेर नेणं हे काम एकट्याचं नसतंच. संडास आणि मोरी एकाच भिंतीला लावायची आणि शेजाऱ्याचा गाभा त्याच भिंतीच्या पलीकडे ठेवायचा. म्हणजे घरातली नळाची लांबी दोन-तीन मीटरवर येते आणि दोन घरांचं सांडपाणी एकाच चेंबरला मिळतं. गाभ्याची जागा चुकली, म्हणजे समजा तो भूखंडाच्या मध्यावर आला, की पुढच्या खोल्या त्याच्याभोवती वळसे घेत बसतात आणि घर कायमचं अंधारं होतं.

आणि खोली का? हा मुद्दा भल्याभल्या योजनांत सुटतो. रिकामा भूखंड मिळालेल्या कुटुंबावर एकाच वेळी तीन बोजे येतात: जुन्या घराचं भाडं, नव्या भूखंडाचा हप्ता आणि विटा-सिमेंट. आजच्या आकड्यांत समजा भाडं ४,०००, हप्ता २,५००. पंधरा-अठरा हजार कमावणाऱ्या घरात यानंतर बांधकामाला उरतं काय? भूखंड वर्षभर पडून राहतो, तण माजतं, आणि ‘अमुक मुदतीत बांधा नाहीतर वाटप रद्द’ ही नोटीस आली की माणूस मुखत्यारपत्रावर तो विकून मोकळा होतो. तयार खोली मिळाली तर पहिल्याच महिन्यात भाडं थांबतं. थांबलेलं भाडं हेच बांधकामाचं भांडवल. छोटी का होईना, राहता येईल अशी एक खोली म्हणूनच सगळ्यात मोठी मदत ठरते. बांधायची मुदतही गरिबांसाठी वेगळी, पाच-सात वर्षांची तरी हवी.

भूखंडाची रुंदी

पस्तीस चौरस मीटर म्हणजे कोणती आकृती? सहा बाय सहाचा जवळजवळ चौकोन की साडेतीन बाय दहाची पट्टी? क्षेत्रफळ सारखंच, खर्च मात्र वेगळा. रस्ता, पाण्याची नळी, गटार, दिवे हे सगळं भूखंडाच्या तोंडाच्या लांबीने मोजलं जातं. सहा मीटर तोंड असेल तर त्या कुटुंबाच्या वाट्याला सहा मीटर नळी येते, साडेतीन असेल तर साडेतीन. एकट्या घरात हा फरक किरकोळ वाटतो, चार हजार घरांत तो दहा किलोमीटर नळीचा होतो. (गल्लीच्या दोन्ही बाजूंना घरं असतील तर निम्मा धरा.)

अरुंद पट्टीचं दुखणं म्हणजे उजेड आणि हवा. दोन्ही बाजूंच्या भिंती सामायिक, म्हणून खिडकी फक्त पुढे आणि मागे. मागचं अंगण यासाठीच असतं. ते बुजवून खोली काढली की मधली खोली कोंदट होते आणि सगळ्यात आधी तिथेच ओल धरते. हे अंगण नियमाने वाचत नाही, कारण तपासायला कुणी येत नाही. तिथे चेंबर किंवा नहाणीचा निचरा ठेवला तर ते उघडं राहायची शक्यता बरीच वाढते.

जिना बाहेरून काढणं ही अशीच छोटी दिसणारी पण मोठी गोष्ट. जिना घरातून गेला तर वरची खोली घरच्यांपुरती राहते. बाहेरून गेला तर ती भाड्याने देता येते, किंवा लग्न झालेल्या मुलाला वेगळी चूल मांडता येते. गरीब कुटुंबाला भाड्याची एक खोली म्हणजे हप्त्याची हमी.

कोण कुठे बसवायचं

अरण्यच्या आखणीत गरिबांचे भूखंड प्रत्येक विभागाच्या मध्यात आहेत, बऱ्या परिस्थितीतल्यांचे कडेने आणि मधल्या कण्यालगत. यावर आक्षेप घेता येतो: गरिबांना पोटात घालून दर्शनी बाजू श्रीमंतांना दिली. आक्षेपात तथ्य आहे. मोठ्या रस्त्यावरच्या दुकानाचा फायदा ज्यांच्याकडे आधीच पैसा आहे त्यांनाच मिळतो, आणि आतल्या गल्लीपर्यंत कचऱ्याची गाडी पोचवायला वेगळा आग्रह धरावा लागतो.

तरीही ही मांडणी बरोबर होती असं आम्हाला वाटतं, आणि त्याची कारणं भावनिक नाहीत. भूखंडाचा बाजारभाव रस्त्याची रुंदी ठरवते. रुंद रस्त्यावरचा मीटर गरिबाला दिला तर तो मीटर त्याच्या हातात टिकत नाही. पहिली पाच-सहा वर्षं उलटायच्या आत दुकानदार येतो आणि मोठी रक्कम समोर ठेवतो. आतल्या गल्लीत वाहनांची वर्दळ नसते, पोरं खेळतात, ओट्यावर काम पसरता येतं, आणि बाहेरच्या गिऱ्हाईकाची नजर त्या जागेवर पडत नाही. लहान क्षेत्रफळ, सामायिक भिंत आणि अरुंद गल्ली या तीन गोष्टी मिळून घराला गरिबाच्या हातात ठेवतात. कायद्यातली ‘दहा वर्षं विकता येणार नाही’ ही अट तेवढं करू शकत नाही.

नवी मुंबईतल्या बेलापूरची आर्टिस्ट व्हिलेज शेजारी ठेवून पाहा. सिडकोसाठी वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी ती त्याच काळात आखली. सात-सात घरं एका आठ बाय आठ मीटरच्या चौकाभोवती, भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटर, आणि तत्त्व असं की एकाही घराची भिंत शेजाऱ्याशी सामायिक नको, म्हणजे प्रत्येकाला आपलं घर मनासारखं वाढवता येईल. कल्पना देखणी होती. पण सुटं घर पाडून नवं बांधणंही तितकंच सोपं. ज्यांच्याकडे पैसा आला किंवा जे पैसा घेऊन आले, त्यांनी तेच केलं. मूळची उतरत्या छपरांची घरं आज तिथे शोधावी लागतात. तिथले चौक मात्र अजून वापरात आहेत, ही जमेची बाजू.

मिसळ कुठल्या पातळीवर करायची याचं उत्तर अरण्यमध्ये मिळतं. एका भिंतीच्या दोन बाजूंना धनिक आणि मजूर बसवण्याचा हट्ट तिथे नाही. गल्लीत साधारण सारख्या ऐपतीचे शेजारी, आणि शाळा, दवाखाना, बाग, बाजार मात्र सगळ्यांचं एकच. बागेची पट्टी तिरपी नेल्यामुळे विभागाच्या मध्यातला माणूस मोठा रस्ता न ओलांडता मधल्या बाजारापर्यंत चालत जाऊ शकतो. कडेच्या मोठ्या घरांना धुणं-भांडी, स्वयंपाक, गाडी चालवणं यासाठी माणूस लागतो, आणि तो दहा मिनिटांच्या अंतरावर राहतो. रोजगाराचं हे नातं समतेचं नाही हे खरंच, पण बसभाडं आणि दोन तास वाचवणारं नक्कीच आहे. त्यातून कामाला जाणाऱ्या बाईला संध्याकाळी आपल्या मुलाजवळ बसता येतं.

पैशाचं गणित

महागड्या भूखंडांच्या नफ्यातून गरिबांच्या भूखंडांची तूट भरून काढणं हे तत्त्व सगळे सांगतात, आकडा मात्र क्वचित कुणी मांडतं. समजा जमीन धरून विकासाचा खर्च विक्रीयोग्य चौरस मीटरला १०० रुपये आला, आणि गरीब गटाला तो ६० ला दिला. पावणेपंधरा हेक्टरवर तूट येते सुमारे ५९ लाख रुपये. कण्यालगतचे भूखंड १८० ने विकले तर मीटरमागे ८० वरचे मिळतात, म्हणजे तूट भरायला सुमारे ७४,००० चौरस मीटर, अर्थात साडेसात हेक्टरच्या आत जमीन पुरते. आकडे मानलेले आहेत, प्रमाण मात्र विचारात घेण्यासारखं आहे: गरिबांच्या जमिनीच्या निम्मी जमीन चांगल्या भावाने गेली तरी गणित जुळतं.

बिघडतं ते वेळेमुळे. चांगला भाव वस्ती जागी झाल्यावर येतो आणि वस्ती जागी होते गरीब राहायला आल्यावर. खर्च मात्र पहिल्याच वर्षी असतो. म्हणून प्राधिकरणाला पैशाची निकड लागते आणि कोपऱ्यावरचे, चौकातले सगळ्यात मोलाचे भूखंड पहिल्याच लिलावात मातीमोल जातात. ते अडवून धरायला हवेत. पहिल्या टप्प्यात मध्यम गटाचे निवासी भूखंड विकून रोकड आणायची, कण्यावरचे व्यापारी भूखंड तीन-चार हप्त्यांत, दरवेळी थोडे. तोवरची सोय कर्जातून. अशा योजनांत जागतिक बँकेच्या कर्जाचा खरा उपयोग हाच, थांबायची ताकद देणं.

थांबण्याचं महत्त्व मुंबईकरांनी चारकोपला पाहिलं आहे. १९८५ ते १९९४ या काळात बँकेच्याच कर्जावर म्हाडाने चारकोप, गोराई, मालवणी इथे असेच भूखंड दिले. चारकोपला साधारण ३५ घरं एका चौकाभोवती, त्यांची एक सहकारी संस्था, आतल्या बाजूला लहान भूखंड आणि मोठ्या रस्त्याला महागडे. कर्जाचा काळ संपला तेव्हा मूल्यमापन निराशाजनक होतं: रिकामे भूखंड, अर्धवट घरं. वीसेक वर्षांनी बँकेच्याच अभ्यासकांनी परत जाऊन पाहिलं तेव्हा तिथे भरलेली, अनेक उत्पन्नगटांची, चांगली चालणारी उपनगरं उभी होती. पाच वर्षांच्या फुटपट्टीने मोजलेलं अपयश पंचवीस वर्षांच्या फुटपट्टीने टिकलं नाही.

अंतर

अरण्यची जागा इंदूरच्या मध्यापासून सहा किलोमीटरवर, आग्रा-मुंबई रस्त्याच्या बाजूला. ऐंशीच्या दशकात ती शहराची कड होती, आज शहर तिला ओलांडून पुढे गेलं आहे. सहा किलोमीटर सायकलने अर्धा तास. हीच वसाहत स्वस्त जमिनीसाठी पंचवीस किलोमीटरवर नेली असती तर? घरातल्या दोघांचं बसभाडं माणशी रोज ८० रुपये धरलं तर २६ दिवसांचे ४,१६० होतात. घराच्या हप्त्यापेक्षा जास्त. गेल्या काही वर्षांत शहरापासून दूर बांधलेल्या कित्येक परवडणाऱ्या इमारती या एका कारणाने कुलूपबंद आहेत, आणि तिथे घराचा नकाशा कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

वीस घरांची टाकी

अरण्यमध्ये दर वीस घरांमागे एक सेप्टिक टँक आहे. शहराच्या मुख्य मलवाहिनीची वाट न पाहता वस्ती सुरू करता आली ती यामुळे. घरटी पाच माणसांच्या हिशेबाने शंभर माणसांची टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते.

पण आज वसाहतीत ८० हजारांवर लोक राहतात असं सांगितलं जातं. मूळच्या भूखंडांनी भागलं तर एका भूखंडावर सरासरी बारा माणसं. मजले चढले, भाडेकरू आले, भाऊ वेगळे झाले. बाराच्या हिशेबाने त्याच वीस घरांत २४० माणसं होतात आणि तीन वर्षांची टाकी पंधरा महिन्यांत भरते. घर वाढणार हे ज्यांनी मनापासून स्वीकारलं त्यांनी टाकी, नळी आणि गटारही वाढत्या घरासाठीच मोजायला हवं. सुरुवातीला चार इंचांऐवजी सहा इंच नळी टाकण्याचा जादा खर्च किरकोळ असतो, फरसबंद गल्ली उखडून नंतर ती बदलण्याचा नसतो.

टाकीचं झाकण गल्लीत, मैला उपसणाऱ्या टँकरचा पाइप पोचेल अशा जागी असावं. रस्त्यापासून तीस मीटरच्या पलीकडे गेलं की टँकरवाला नकार देतो. ओटा पुढे सरकवताना ते झाकण कुणाच्या तरी ओट्याखाली जातं, आणि मग वीस घरांचं भांडण त्या एका दारात येतं. झाकणाभोवतीचा मीटरभर चौकोन वेगळ्या फरशीने दाखवून ठेवला तर लोक तो बहुधा सोडतात.

आपल्याकडच्या इमारतींसाठी

महाराष्ट्रात २०१३ पासून मोठ्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या प्रकल्पांत २० टक्के घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याचा नियम आहे. सोडत म्हाडा काढते. इथे आडवी वसाहत नसते, बहुमजली इमारत असते, आणि अडचण घर मिळाल्यावर सुरू होते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सेवाशुल्क आणि लिफ्टचा खर्च सर्व सदनिकांत समान वाटला जातो. ३० चौरस मीटरच्या घराला आणि १२० च्या घराला बोजा सारखाच. त्यात पोहण्याचा तलाव, क्लबघर, चार सुरक्षारक्षक आले की लहान घरवाला दुसऱ्या वर्षी थकबाकीदार ठरतो आणि तिसऱ्या वर्षी घर भाड्याने देऊन जुन्या वस्तीत परत जातो.

यावर बहुतेक विकासक लहान घरांची वेगळी इमारत, वेगळं फाटक काढतात. वेगळी इमारत वाईटच असते असं नाही. जिना चढून जाता येईल अशी चार मजली, मोकळी, लिफ्टचा भार नसलेली इमारत लहान घरवाल्यांना परवडते. फाटक मात्र एकच असावं, आतला रस्ता आणि खेळाचं मैदान एकच असावं, आणि क्लबघराचं शुल्क वापरणाऱ्यांकडूनच घेतलं जाईल हे करारनाम्यात सोडतीच्या आधी लिहिलेलं असावं. पाण्याचे मीटर घरोघरी वेगळे हवेत. पंपाची आणि जिन्यातल्या दिव्यांची वीज इमारतवार वेगळ्या मीटरवर हवी. संस्था स्थापन झाल्यावर यातली एकही गोष्ट बदलून घेणं अल्पमतातल्या वीस टक्क्यांना शक्य होत नाही.